गोव्याहून मुंबईला बिऱ्हाड हलवताना: आधी स्टेशन, मग घर

गोव्यातल्या बहुतेक मराठी घरांचे मुंबईत कोणीतरी असतेच. गिरगावात मावशी, डोंबिवलीला चुलतभाऊ, नाहीतर वाशीला शाळेतला मित्र. म्हणून पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या पोराला मुंबईत नोकरी लागली की फोनाफोनी सुरू होते आणि पहिला प्रश्न असतो, "तुमच्या बाजूला भाडी काय चालू आहेत?" भाडे नंतर विचारा. आधी ऑफिसचा पूर्ण पत्ता मिळवा आणि तिथे कोणत्या स्टेशनावरून जातात ते विचारा. मुंबईत भाड्याचे घर म्हणजे निम्मा प्रवास असतो. तो जमला तर लहान खोलीतही माणूस सुखाने राहतो, नाहीतर टू बीएचके घेऊनही सहा महिन्यांत गावी परतायच्या गोष्टी करू लागतो.

हा लेख नोकरीसाठी जाणाऱ्या एकट्या माणसासाठी किंवा नवरा-बायकोसाठी आहे. मुलांच्या शाळा हा वेगळा विषय आहे, तो इथे घेतलेला नाही.

निघण्यापूर्वी गोव्यात उरकायची कामे

सगळ्यात आधी नावे तपासा. आपल्याकडे ही भानगड खास आहे. आजोबांच्या कागदावर आडनावाचे पोर्तुगीज काळातले स्पेलिंग, शाळेच्या दाखल्यावर दुसरे आणि आधारवर तिसरे. गावात सगळे ओळखीचे, म्हणून कुणी अडवत नाही. मुंबईत मात्र भाडेकरार आधारच्या अंगठ्यावर नोंदवला जातो, पगाराचे खाते पॅनवर उघडते आणि कंपनी दोन्ही नावे जुळवून पाहते. आधार, पॅन आणि बँक या तिन्हीकडे नाव अक्षराला अक्षर एकच करून घ्या. आधारला चालू मोबाइल नंबर जोडलेला असू द्या, कारण ओटीपी त्यावरच येतो.

गोवा सरकारच्या नोकरीचा विचार अजून मनातून गेला नसेल, तर मामलेदार कचेरीतून पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला निघण्याआधीच काढून ठेवा. एकदा मुंबईची नोकरी सुरू झाली की त्यासाठी रजा टाकून येणे जिवावर येते.

घर बंद करून जाणार असाल तर पंचायतीची घरपट्टी आणि विजेचे बिल भरण्याचे काम कुणावर तरी नीट सोपवा. घर कुणाला ‘नुसते सांभाळायला’ देत असाल तर ते लेखी द्या. गोव्यात मुंडकार (दुसऱ्याच्या जागेत घर करून राहणारा) याला घराबाहेर काढण्यापासून संरक्षण देणारा कायदा १९७५ पासून आहे आणि तोंडी व्यवहारांतून सुरू झालेली भांडणे किती वर्षे चालतात ते आपल्याला कुणी सांगायला नको.

गॅसची जोडणी तुमच्या नावावर असेल तर सिलिंडर आणि रेग्युलेटर वितरकाकडे परत करून ट्रान्स्फर व्हाउचर घ्या. मुंबईत त्यावर नवी जोडणी मिळते. मात्र मुंबईतल्या बऱ्याच इमारतींत महानगर गॅसची पाइपलाइन असते, तेव्हा घर ठरेपर्यंत याची घाई नाही.

पहिला महिना: लगेच घर घेऊ नका

गोव्यात बसून, फोटो पाहून, फोनवर घर ठरवू नये. पहिला महिना कॉट बेसिसवर (सामाईक खोलीत फक्त एक खाट भाड्याने घेऊन), पीजीत, नाहीतर नातेवाइकाकडे काढा. मुलींसाठी नोकरदार महिलांची वसतिगृहे आहेत, पण तिथे प्रतीक्षा यादी असते. अर्ज नोकरीचे पत्र येताच करावा.

पूर्वी ही सोय गावानेच केलेली असे. धोबीतलाव आणि माझगावच्या बाजूला गोव्याच्या गावागावांचे ‘कुड’ होते. बोटीवर जाणारा ख्रिस्ती गोवेकर मुंबईत उतरला की आपल्या गावाच्या कुडात ट्रंक ठेवायचा. काही कुड अजून आहेत. हिंदू गोवेकर गिरगावातल्या कुणाच्या तरी दोन खोल्यांत सातवा-आठवा म्हणून मावायचा. आता तसे मावता येत नाही. नातेवाइकाकडे उतरलात तर मुक्काम किती दिवसांचा ते पहिल्याच दिवशी सांगून टाका. साडेतीनशे चौरस फुटांत पाहुणा फार लवकर जड होतो आणि तो जड झाला तरी कुणी बोलत नाही.

लाइन निवडणे

इथे वेळ घालवा, कारण पुढचे सगळे यावर ठरते.

लोकलच्या मुख्य लाइनी तीन. पश्चिम रेल्वे चर्चगेटहून बोरिवली, विरार आणि पुढे डहाणूपर्यंत. मध्य रेल्वे सीएसएमटीहून दादर, ठाणे, कल्याण आणि पुढे कसारा व खोपोलीकडे. हार्बर सीएसएमटीहून वाशी, पनवेलला आणि दुसऱ्या फाट्याने गोरेगावला. ठाण्याहून वाशी-पनवेलकडे जाणारी ट्रान्सहार्बर वेगळी. मेट्रोची त्यात भर पडली आहे. वर्सोवा ते घाटकोपर ही पहिली मेट्रो २०१४ पासून आहे आणि आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो-३ ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली. तिने सीप्झ, विमानतळ, बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल), वरळी आणि जुनी मुंबई एका धाग्यात आणली.

आता ऑफिसचा पत्ता घ्या. नरिमन पॉइंटला असेल तर पश्चिम रेल्वे सोयीची. ऐरोली, घणसोली किंवा महापेच्या आयटी पार्कात असेल तर ट्रान्सहार्बर. मग ठाणे, कळवा किंवा नवी मुंबई सोडून दुसरीकडे पाहूही नका. पवईला असेल तर कांजूरमार्ग उतरून बस किंवा रिक्षा. बीकेसीला वांद्रे, कुर्ला आणि मेट्रो असे तीन रस्ते. नियम एकच: गाडी जास्तीत जास्त एकदा बदलावी लागेल असे घर. दादर किंवा कुर्ल्याला दोन्ही वेळा लाइन बदलणे नकाशावर सोपे वाटते, पण सकाळी नऊ वाजता पुलावर उभे राहिल्यावर त्याचा अर्थ कळतो.

गाडी कुठून सुटते हेही पाहा. डोंबिवली, ठाणे, बोरिवली, अंधेरी इथून काही लोकल सुटतात. अशा स्टेशनाजवळ राहिलात तर सकाळी बसायला मिळण्याची आशा असते. मधल्या स्टेशनावर भाडे थोडे कमी असले तरी तिथे भरलेली गाडी येते. आणि बोरिवलीला राहणाऱ्याने गर्दीच्या वेळी विरार फास्टमध्ये चढू नये. चढाल, उतरू मात्र देणार नाहीत.

जाहिरातीत ‘स्टेशनपासून पाच मिनिटे’ असते. ती पाच मिनिटे बहुधा मध्यरात्री मोटरसायकलवरून मोजलेली असतात. स्वतः चालून पाहा. पूर्व-पश्चिमही बघा, कारण घर पूर्वेला आणि तुमची बस पश्चिमेला असेल तर रोज पूल चढणे आले. शेअर रिक्षाची रांग संध्याकाळी सात वाजता किती लांब असते ते बघा. मुंबईच्या रिक्षा मीटरने चालतात, यावर गोव्याच्या माणसाचा सुरुवातीला विश्वास बसत नाही. पण वांद्रे आणि शीवच्या दक्षिणेला रिक्षा नाहीत, तिथे टॅक्सी किंवा बेस्टची बस.

जागा पसंत पडायला लागली की कामाच्या दिवशी, शक्यतो सोमवारी, तुमच्या ऑफिसच्या वेळेला त्या इमारतीच्या दारातून निघून ऑफिसच्या दारापर्यंत जाऊन पाहा. रविवारी करू नका. रविवारी गर्दी नसते आणि मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद किंवा वळवलेल्या) असतो, म्हणजे दोन्हीकडून चित्र खोटे.

गोव्याच्या माणसाने एक वेगळा हिशेबही करावा. मांडवी, कोकणकन्या या गाड्या दादर, ठाणे आणि पनवेलला थांबतात आणि मुंबई-गोवा महामार्ग, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ६६, पनवेललाच सुरू होतो. महिन्या-दोन महिन्यांनी घरी जाणार असाल, म्हातारे आईवडील गावी असतील, तर पनवेल, खारघर, नेरूळ किंवा ठाणे हे पट्टे बोरिवली-विरारपेक्षा कितीतरी सोयीचे. विरारहून गोव्याची गाडी पकडायची तर सामान घेऊन अर्धी मुंबई आधी ओलांडावी लागते.

पावसाची गोष्ट सांगायला हवी, कारण ‘पाऊस आम्हाला काय नवीन’ हे आपले ठरलेले वाक्य. गोव्यात पाऊस पडतो आणि वाहून जातो, मुंबईत सखल भागात साचतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. तेवढा नेहमी होत नाही, पण दादरचा हिंदमाता परिसर, शीव, कुर्ला आणि अंधेरीचा सबवे यांची नावे दर पावसाळ्यात बातम्यांत येतात. तळमजल्याची खोली घेण्याआधी शेजारच्या किराणा दुकानदाराला विचारा, पाणी कुठपर्यंत येते. त्याचे फळीवरचे सामान किती उंचीवर आहे, त्यावरूनही समजते.

पैशांचा अंदाज

समजा भाडे २५,००० रुपये ठरले. डिपॉझिट दोन ते सहा महिन्यांच्या भाड्याइतके मागतात, आपण चार महिने धरू, म्हणजे १,००,०००. एजंटची दलाली साधारण एका महिन्याचे भाडे, २५,०००. पहिल्या महिन्याचे भाडे आगाऊ, २५,०००. म्हणजे किल्ली हातात येण्याआधी दीड लाख गेले. त्यावर करारनोंदणी आणि सामानाची वाहतूक. एवढी रक्कम पहिल्या पगाराच्या आधी लागते, म्हणून ती गोव्याहूनच घेऊन निघायची.

अकरा महिन्यांनी करार नव्याने करताना एजंट पुन्हा दलाली मागतो. किती आणि मागणार की नाही, हे पहिल्याच भेटीत बोलून घ्या. ‘हेवी डिपॉझिट’ नावाचा एक प्रकार आहे: बरेच लाख एकरकमी द्यायचे आणि भाडे नाममात्र किंवा शून्य. ऐकायला बरे वाटते. पण तुमचे सगळे पैसे एका अनोळखी माणसाकडे अडकतात आणि सोडताना त्याच्याकडे ते असतीलच असे नाही. नव्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये.

कंपनी घरभाडे भत्ता देत असेल आणि तुम्ही जुन्या करपद्धतीत असाल, तर वर्षाचे भाडे एक लाखाच्या वर गेल्यास मालकाचा पॅन द्यावा लागतो. काही मालक पॅन द्यायला कां कू करतात. तेव्हा टोकन (जागा अडवण्यासाठीची आगाऊ रक्कम) देण्याआधीच विचारा.

घर पाहताना

एजंट ‘सहाशे स्क्वेअर फूट’ म्हणाला तर कार्पेट किती ते विचारा. भिंतीच्या आतले मोजमाप तेवढेच खरे. वन आरके म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. गोव्याच्या बाल्कांव-अंगणाची सवय असलेल्याला पहिला महिना कोंडल्यासारखे होते. त्यामुळे दोन खिडक्या समोरासमोर असलेली जागा मिळाली तर हजारभर रुपये जास्त गेले तरी ती घ्या, असे मी म्हणेन.

पाणी किती वाजता येते, किती वेळ येते आणि उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो का, हे मालकाला न विचारता वॉचमनला विचारा. नळ सोडून पाहा. मोबाइलची रेंज घरात फिरून तपासा. भिंतीला नवा रंग ताजाच लावला असेल तर कोपऱ्यांत आणि कपाटामागे ओल आहे का बघा. विजेचे बिल कोणत्या कंपनीचे आहे ते पाहून घ्या. शहरात बेस्ट, उपनगरांत अदानी किंवा टाटा, मुलुंड, ठाणे, नवी मुंबईत महावितरण. जुनी थकबाकी नाही ना, हे त्याच बिलावर दिसते.

आणि मासे. हे स्पष्ट बोला. मुंबईतल्या काही सोसायट्यांत मांसाहारी भाडेकरू चालत नाहीत आणि हे लेखी कुठेच नसते. एजंट ‘फॅमिली चांगली हवी’ असे काहीतरी मोघम बोलतो. तुम्ही पहिल्या फोनलाच सांगा, "आम्ही गोव्याचे, मासे रोज लागतात." त्याने घरांची यादी छोटी होईल, पण उरलेल्या घरांत बांगडा तळताना खिडक्या लावून बसावे लागणार नाही. लपवून राहणे जमत नाही, वास पायरीपायरीने खाली जातो. दादर, लालबाग-परळ, गिरगाव, मुलुंड पूर्व, ठाणे, डोंबिवली या मराठी वस्तीच्या भागांत ही अडचण तुलनेने कमी, पण तिथेही प्रत्येक इमारतीची तऱ्हा वेगळी. एकट्या मुलांना जागा न देणाऱ्या सोसायट्याही आहेत. ‘लग्न झालेले आहे’ असे खोटे सांगा, असा सल्ला एजंट देतो. तो ऐकू नये. सोसायटीकडे तक्रार गेली की निस्तरायचे तुम्हालाच असते.

मालक खरा आहे का, हे विचारायला लाजू नका. इंडेक्स टू (खरेदीखताच्या नोंदणीचा उतारा), सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट, मेंटेनन्सचे बिल आणि विजेचे बिल यांपैकी दोन कागदांवर त्याचे नाव दिसले पाहिजे. पागडीची (एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्यावर घेतलेली) खोली, म्हाडाचे संक्रमण शिबिर (मूळ इमारत पुन्हा बांधेपर्यंतची तात्पुरती घरे) किंवा झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतली सदनिका स्वस्तात मिळते म्हणून लगेच हो म्हणू नका. तिथे राहणाऱ्याला ती जागा दुसऱ्याला भाड्याने द्यायचा अधिकार असतोच असे नाही आणि तपासणी आली की बाहेर तुम्ही पडता.

ऑनलाइन जाहिरातींत एक फसवणूक ठरलेल्या साच्याची असते. मालक म्हणे लष्करात, बदली झालेली, घर सुंदर, भाडे निम्मे. बघायला येण्यासाठी ‘गेट पास’चे पैसे किंवा क्यूआर कोड स्कॅन करून टोकन मागतो. घर आतून पाहिल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका. पैसे घेण्यासाठी क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, हे घरातल्या मोठ्यांनाही सांगून ठेवा.

करार

गोव्यात आपण बऱ्याचदा स्टॅम्पपेपरवर लिहून नोटरीचा शिक्का मारतो आणि काम झाले समजतो. महाराष्ट्रात तेवढे पुरत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. म्हणजे कायदा तुमच्या बाजूचा आहे. तरीही ‘नोटरी करूया, खर्च वाचेल’ म्हणणारे मालक भेटतात. त्यांना नम्रपणे नाही म्हणा. पत्त्याचा पुरावा म्हणून बँक आणि पासपोर्टसाठी नोंदणीकृत करारच उपयोगी पडतो.

खर्च फार नाही. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. ते कराराच्या मुदतीतले एकूण भाडे आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने धरलेले व्याज, यांच्या बेरजेवर लागते. वरच्या उदाहरणात अकरा महिन्यांचे भाडे २,७५,००० आणि व्याज सुमारे ९,१६७, म्हणजे शुल्क सातशे-आठशेच्या घरात. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. बाकी एजंटची मजुरी. तो अंगठ्याचे यंत्र घेऊन घरी येतो, दोन्ही बाजूंचे आणि दोन साक्षीदारांचे अंगठे घेतो आणि नोंदवलेली प्रत ऑनलाइन मिळते. हा खर्च निम्मा-निम्मा वाटून घेण्याची पद्धत आहे.

कराराचे नाव ‘लीव्ह अँड लायसन्स’ असते. छापील मसुद्यात या गोष्टी आहेत का ते वाचा: लॉक-इन (ज्या काळात करार मोडता येत नाही) किती महिने, नोटीस किती दिवसांची, दरवर्षी भाडेवाढ किती टक्के, डिपॉझिट किल्ली देताना त्याच दिवशी परत की नंतर, रंगाचे पैसे कापणार का, मेंटेनन्स भाड्यात धरला आहे का. सोसायटी भाडेकरू ठेवल्याबद्दल मालकाकडून बिनभोगवटा शुल्क घेते. ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही आणि ते मालकाने भरायचे असते. तुमच्या माथी मारत असतील तर विचारा.

मालकाने भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायची असते. मुंबई पोलिसांकडे ते ऑनलाइन होते. त्याची प्रत स्वतःकडे ठेवा, सोसायटीही मागते. भाडे आणि डिपॉझिट बँकेतूनच द्या. रोख मागितलेच तर पावती.

आत जायच्या दिवशी, सामान लावण्याआधी, प्रत्येक भिंतीचा, नळाचा, पंख्याचा आणि मीटरच्या आकड्याचा फोटो काढून मालकाला पाठवून द्या.

सामान आणि स्कूटर

एकट्याचे सामान असेल तर ट्रक करू नका. गादी, कपाट, फ्रिज मुंबईत भाड्याने किंवा जुने मिळतात. उकड्या तांदळाची पिशवी आणि सोलां (आमसुले) तेवढी घरून आणा. तशीच चव मिळेपर्यंत काही महिने जातात.

स्कूटर आणायची ओढ असते, कारण गोव्यात तिच्याशिवाय पान हलत नाही. सहा महिने थांबा. पार्किंगला जागा आहे का ते आधी कळू द्या. आणायचीच असेल तर रेल्वेने पार्सल करता येते, टाकीतले पेट्रोल काढावे लागते. दुसऱ्या राज्यात वाहन बारा महिन्यांहून जास्त ठेवले तर तिथे पुन्हा नोंदणी करायची असते. त्यासाठी आपल्या आरटीओची एनओसी लागते आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स भरावा लागतो. जुन्या स्कूटरला हा खर्च परवडत नाही. ती धाकट्या भावाला देऊन यावे.

स्थिरावल्यावर

मुंबईतच राहायचे पक्के झाले की फॉर्म ८ भरून मतदार यादीतले नाव हलवता येते. दोन्हीकडे नाव ठेवणे गुन्हा आहे. पंचायतीच्या निवडणुकीला गावात मत हवेच, असे घरचे म्हणतील. ते तुमचे तुम्ही ठरवा, पण नाव एकाच ठिकाणी.

रेल्वेचे आगाऊ आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी सुरू होते, त्यापूर्वी १२० दिवस होते. चवथीच्या गाड्या सकाळी आठला आरक्षण उघडताच भरतात, कारण सिंधुदुर्ग-रत्नागिरीची सगळी मुंबई त्याच गाड्यांवर असते. तारीख दोन महिने आधीच मोबाइलमध्ये टाकून ठेवा. जागा मिळाली नाही तर खासगी स्लीपर बस असते, पण त्या आठवड्यात तिचे दरही चढतात. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक वेगळे असते, म्हणून उन्हाळ्यातली वेळ गृहीत धरून पनवेलला जाऊन उभे राहू नका.

घर सोडायची वेळ आली की नोटीस लेखी द्या, मेसेजवर दिली तरी मालकाचे उत्तर येऊ द्या. शेवटचे दोन महिने भाडे न भरता ‘डिपॉझिटमधून कापून घ्या’ म्हणणे काही भाडेकरू करतात. मालकांनाही ते ठाऊक असते आणि मग पुढचे घर देणारा मालक या मालकाला फोन करतो तेव्हा उत्तर वाईट मिळते. सरळ भाडे भरा, आत येतानाचे फोटो समोर ठेवा, मीटरचा आकडा लिहून घ्या आणि डिपॉझिट खात्यात जमा झाल्याचा मेसेज आल्यावर किल्ली द्या.